मूळ कारणाचा रकाना

माझं अर्धं आयुष्य लोखंडाच्या कारखान्यात गेलं, पण लोखंडाला माझा हात फारसा लागला नाही. मी कागदवाली. बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत मी परदेशी जाणाऱ्या मालाचे कागद करत होते. बिल, पेट्यांची यादी, माल कुठल्या देशात बनला त्याचा दाखला, पेट्यांचं लाकूड तापवून घेतल्याचा दाखला, जहाजाची पावती. एका कागदावर वजन वेगळं आणि दुसऱ्यावर वेगळं पडलं, की अख्खा कंटेनर बंदरात उन्हात तापत बसतो. ते होऊ नये म्हणून मला पगार मिळायचा.

संपादकांनी फोनवर सांगितलं, "कामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीचा अंक आहे." गमती आहेत, सांगते. पण त्या सांगता सांगता माझं डोकं तापणार, हे आधीच सांगून ठेवते. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं, अजून राग उतरलेला नाही. तो कुणाकुणावर आहे हे वाचता वाचता कळेल, आणि त्या यादीत शेवटचं नाव माझं आहे.

झालं असं की इंग्लंडनं युरोपच्या संघातून अंग काढून घेतलं. तुम्ही ही बातमी टीव्हीवर पाहिली असेल आणि चॅनेल बदललं असेल. आम्हाला बदलता आलं नाही. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक इंग्लंडात होतं.

मी मूळची निपाणीची. आई तंबाखूच्या वखारीत कामाला होती, आणि मामा ट्रकवर. त्यामुळं नाका म्हणजे काय हे मला शाळेच्या आधी कळलं. निपाणीहून कोल्हापूर किती लांब? एका झोपेचं अंतर. पण मधे कोगनोळीला नाका होता, आणि विक्रीकराच्या त्या नाक्यावर मामाची गाडी कधी दोन तास तर कधी अर्धा दिवस उभी राहायची. अलीकडचे लोक मराठी बोलणारे, पलीकडचेही मराठी बोलणारे, मामाची सासुरवाडी कागलला. तरी कागद दाखवा, ताडपत्री सोडा, परत बांधा. पुढं जीएसटी आला आणि ते कराचे नाके उठले. पहिल्यांदा गाडी न थांबवता नेली त्या दिवशी मामा पुढं जाऊन कागलला उगाचच उतरले आणि चहा प्यायले. म्हणाले, "थांबायची सवय लागलीया गं, काय करू?"

युरोपचा संघ म्हणजे असंच एक मोठं आवार होतं. आवाराला बाहेरून फाटक, आत फाटक नाही. आमचा माल इंग्लंडच्या बंदरात एकदा जकात भरून आत शिरला, की तिथून तो आयर्लंडला जावो नाहीतर जर्मनीला, कुणी विचारत नव्हतं. ज्यांनी आमच्यासारखी नाक्यावर आयुष्यं घालवली नव्हती त्यांनी मतदान करून आवाराच्या आत नवं फाटक बांधून घेतलं. हौस म्हणून! मामा तेव्हा होते. मी त्यांना समजावून सांगितलं तर त्यांना ते खरंच वाटेना. "सोत्ता होऊन नाका मागिटला? येडी हैत काय ती?" असं म्हणाले आणि कूस बदलून झोपले.

आमचा माल म्हणजे पंपाची शरीरं, बाहेरची कवचं. ओतीव लोखंडाची, दोन हातांत उचलायला जड. इंग्लंडमधली कंपनी ती मागवायची, निम्मी स्वतः वापरायची आणि निम्मी आयर्लंडातल्या आपल्या कारखान्याला पेट्या न उघडता तशाच पुढं पाठवायची. लोखंड परत परत बांधणं कुणाला परवडतं?

पेट्या भरायचे परशराम आप्पा. उचगावचे. घरची शेती, पहाटे रानात जाऊन साडेआठला पंचिंगला हजर. पॅकिंग खात्यात पंचवीस वर्षं. त्यांच्या हातची पेटी मी कंटेनर निघताना बघायला मुद्दाम जायची. गंज धरू नये म्हणून मेणकट पिवळा कागद, कोपऱ्याकोपऱ्यात सिलिकाच्या पुड्या, आणि प्रत्येक नग बाळाला दुपट्यात गुंडाळावा तसा. लाकूड भट्टीत तापवून आलेलं, किडा मेलेला, आणि तसा शिक्का प्रत्येक पेटीवर मारलेला. शिक्का पुसट उठला तर आप्पा ती फळी परत पाठवायचे. "आपल्या पेटीला तिकडं कुनी नाव ठिवायचं न्हाई," असं त्यांचं होतं.

खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा असते. झेंडूच्या माळा, कोहळा, लिंबू, भट्टीला नारळ. आप्पांची त्यातली आपली एक पद्धत होती. त्या दिवशी भरलेल्या पहिल्या पेटीत, सगळ्यात वरच्या नगावर, ते एक झेंडूचं फूल आणि चिमूटभर अक्षता ठेवायचे आणि मग झाकणाला खिळे मारायचे.

मी बौद्ध. मी पूजेत नसते. सुरुवातीच्या वर्षी त्यामुळं एक अवघडलेपण होतं. आरतीला मला बोलवावं की नाही, बोलवलं तर चालेल का, असं ऑफिसातल्या बायकांची आपापसात कुजबुज चाललेली मला ऐकू येत होती. ती कुजबुज कशाची असते हे आमच्या माणसांना शिकवावं लागत नाही. मी मान खाली घालून टाइप करत बसले होते. तेवढ्यात हे आप्पा हातात फूल घेऊन माझ्या टेबलापाशी आले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, "म्याडम, कागद तुमचा हाय. फुल ठिवू काय पेटीत?"

मी म्हटलं, "मला काय विचारताय आप्पा? ठेवा की."

"तसं न्हवं. पेटीत काय हाय त्याची यादी तुम्ही करता. तुम्हाला न इचारता एक खिळा बी जायाचा न्हाई."

तेव्हापासून दर वर्षी ते विचारायचे आणि मी "ठेवा" म्हणायची. पूजा त्यांची होती, परवानगी माझी. त्या कारखान्यात मला मान कुणी दिला असं विचाराल तर पगार देणाऱ्यांनी नाही, ह्या माणसानं दिला.

आता तिकडची गंमत. इंग्लंडच्या गोदामात टेरी नावाचा म्हातारा स्टोअरकीपर होता. पहिल्या वर्षी त्याचा ईमेल आला, पेटीत वाळलेलं नारिंगी काहीतरी सापडलंय, हा नमुना आहे का? मी उत्तर दिलं, नमुना नाही, शुभेच्छा आहे. पुढच्या वर्षीपासून तो खंडेनवमीची ती पेटी मुद्दाम स्वतःकडं ठेवून उघडायचा आणि फोटो पाठवायचा. चहाच्या मगाला टेकवलेलं आमचं सुकलेलं झेंडूचं फूल, आणि खाली लिहिलेलं, "तुमचं फूल पोचलं." मी तो फोटो छापून पॅकिंग खात्यात नेऊन दाखवायची. आप्पा चष्मा वर करून बघायचे. "रंग गेलाय, पर पाकळी न पाकळी हाय बघा," म्हणायचे. समुद्र ओलांडून गेलेल्या त्यांच्या पेटीची तीच पावती होती. जहाजाच्या पावतीपेक्षा ती त्यांना खरी वाटायची.

मग इंग्लंड बाहेर पडलं.

गिऱ्हाइकाची खरेदी अधिकारी कॅरोल म्हणून एक बाई होती. स्क्रीनवर नेहमी हसतमुख. तिनं सांगितलं, तुमच्यासाठी काहीच बदलणार नाही. हे वाक्य कुणी हसत हसत म्हणालं की मी लगेच डबा बंद करून कामाला लागते. आणि बदललं तर काय काय! इंग्लंड आणि युरोप यांच्यात करार झाला, की एकमेकांच्या मालावर जकात नाही. ऐकायला छान. पण एकमेकांच्या म्हणजे त्यांनी बनवलेल्या मालावर. आमचं लोखंड उद्यमबागेत ओतलेलं, ते इंग्लंडात चार दिवस गोदामात राहिलं म्हणून इंग्रज होत नाही. म्हणजे इंग्लंडच्या दारात एकदा जकात, आणि तेच लोखंड त्याच पेटीत आयर्लंडच्या, म्हणजे अजून संघात असलेल्या देशाच्या, दारात गेलं की परत जकात. शिवाय नवे फॉर्म, नवे नंबर, तपासणी. तुम्ही म्हणाल, मग थेट आयर्लंडला पाठवा. आम्हीही तेच म्हणालो. पण आयर्लंडचा माल एका कंटेनरपुरता भरत नव्हता, आणि अर्धा रिकामा कंटेनर समुद्रावर कोण फिरवणार?

त्यावर कॅरोलबाईंनी तोड काढली. म्हणाल्या, आम्ही इथं त्याला दोन भोकं पाडतो आणि रंग देतो. तुम्ही एक पत्र द्या, की तुम्ही फक्त कच्चं ओतकाम पाठवता आणि खरं काम आमच्याकडं होतं. म्हणजे माल इंग्लंडचा ठरेल.

आमचे जनरल मॅनेजर हिरेमठ साहेब मला म्हणाले, "देऊन टाका हो मॅडम, एक पत्र तर आहे. आयतु, मुगीतु." म्हणजे झालं, संपलं.

मी नाही दिलं. सगळं यंत्रकाम आमच्याकडं व्हायचं, भोकं आमच्याकडं पडायची. मी म्हटलं, "साहेब, माझ्या सहीनं खोटा कागद ह्या कारखान्यातून कधी गेला नाही. तुम्ही सही करा, मी शिक्का आणून देते." त्यांनी काही सही केली नाही. असल्या कागदावर सही करायची वेळ आली की साहेब लोकांना नेमकी मीटिंग असते. पत्र गेलं नाही, आणि मी आठवडाभर ताठ मानेनं हिंडले. तो ताठपणा लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

फाटक बांधून वर्ष होत आलं होतं. माझ्या टेबलावर कागद दुप्पट झाले होते आणि माणूस तेवढंच, म्हणजे मी एकटी. तिकडं टेरीला घरी पाठवलं होतं. त्याचं गोदामच बंद करून बंदराजवळच्या एका भाड्याच्या गोदामाला काम दिलं होतं. तिथं पेटी उघडायची नाही, फक्त एका गाडीतून काढून दुसऱ्या गाडीत ठेवायची. आयर्लंडच्या बंदरात आता गाड्या बाजूला घेऊन मधूनच एखादी पेटी उघडतात, लाकूड बघतात, शिक्का बघतात, हे मला माहीत होतं. मीच त्याची सूचना टाइप करून पॅकिंग खात्याच्या भिंतीवर लावली होती. लाकडाबद्दल होती ती. लाकडाच्या पलीकडं काय असू शकतं याचा विचार करायला मला वेळ नव्हता, आणि हे कारण मी देते आहे, माफी मागत नाही.

त्या वर्षीच्या खंडेनवमीला आप्पा फूल घेऊन आले. मी एका नव्या फॉर्ममधे कुठला नंबर कुठल्या चौकटीत टाकायचा ते शोधत होते. समोर तीन खिडक्या उघड्या, फोन कानाला.

"म्याडम, फुल ठिवू न्हवं?"

मी मान वर केली नाही. हातानंच खूण केली आणि म्हटलं, "ठेवा, ठेवा."

ते क्षणभर थांबले. "यंदा काय कायदा बदललाय म्हनत हुता तुम्ही. चालतंय न्हवं?"

"तो लाकडाचा हो आप्पा. ठेवा तुम्ही."

बस्स. एवढंच बोलणं झालं. मग फुलासकट पेटीला खिळे बसले आणि माझ्या हातानं तयार झालेल्या मालाच्या घोषणापत्रात लिहिलं गेलं, की ह्या पेट्यांत लोखंडी सुटे भाग सोडून माती, बी, वनस्पती काहीही नाही. खाली माझी सही.

थंडी संपताना ईमेल आला. आयर्लंडच्या बंदरावर आमची गाडी बाजूला घेतली होती. सोळा पेट्यांतली एक उघडली, आणि ती नेमकी ती निघाली. लाकूड चोख, शिक्का चोख, आत सुकलेलं फूल आणि तांदळाचे दाणे. झेंडूच्या एका फुलात बी किती असतं हे आपल्याकडं परसात सगळ्यांना माहीत आहे. त्यांच्या नियमानं ती परदेशी वनस्पती आणि परदेशी धान्य, सोबत दाखला नाही, उलट "काही नाही" अशी सही असलेली घोषणा. लाकडाला शिक्का होता, फुलाला कुठून आणायचा? त्यांनी सगळ्या सोळा पेट्या फोडल्या. माल अडकला. पुढं जाऊ देत नाहीत, मागं इंग्लंडात न्यायचं तर तिथं परत नव्यानं आत शिरायचे कागद. आमचं लोखंड दोन फाटकांच्या मधे पडून राहिलं, आणि आयर्लंडच्या कारखान्यात पंप जोडायला शरीर नाही म्हणून काम थांबलं.

मला सगळ्यात जास्त चीड कशाची आली सांगू? तपासणाऱ्याचं काही चुकलं नव्हतं. नियम वेडगळ नाही. परक्या बियांतून रोग येतो, आपल्याही रानात तसा आलेला आहे. चुकलेल्याला शिव्या देता येतात, बरोबर असलेल्याला काय देणार? हीच पेटी दोन वर्षांपूर्वी गेली असती तर टेरीनं फूल काढून मगाला टेकवलं असतं आणि फोटो पाठवला असता. खरं तर तेव्हाही ते नियमाला धरून नव्हतंच. कुणी बघत नव्हतं, एवढंच.

हसतमुख कॅरोलबाई आता हसत नव्हत्या. त्यांनी एक फॉर्म पाठवला. कारखान्यात काम केलेल्यांना तो माहीत असेल. चूक झाली की त्यात पाच वेळा "का?" असा प्रश्न असतो. प्रत्येक उत्तराला परत का विचारत जायचं, आणि शेवटी मूळ कारणाचा रकाना येतो. त्याच्या शेजारी छोटा रकाना, जबाबदार व्यक्ती.

मी पहिल्यांदा तो भरला तो रागानं भरला. माल का अडला? पेटी उघडली म्हणून. पेटी का उघडली? वाटेत नवं फाटक आहे म्हणून. फाटक का आहे? तुम्ही बाहेर पडलात म्हणून. तुम्ही का बाहेर पडलात? तुम्हाला विचारा. मूळ कारण: तुम्ही. हिरेमठ साहेबांनी तो वाचून माझ्यासमोरच फाडला. म्हणाले, "मॅडम, गिऱ्हाइकाला राजकारण शिकवू नका. त्यांना एक नाव पाहिजे. नाव द्या, कारवाई केली म्हणून लिहा, ऑर्डर वाचते."

मग त्यांनी आप्पांना केबिनमधे बोलावलं. मी तिथंच बाजूच्या खुर्चीत होते, मांडीवर कोरा फॉर्म.

"फूल कुणी ठेवलं?"

"मी."

"कुणाला विचारून?"

मला वाटलं, आता माझं नाव येणार. खरं सांगते, मी मनात हिशोब मांडला. निवृत्तीला तीन वर्षं, मुलीचं शिक्षण, आणि ती घोषणा माझ्या सहीची. आप्पांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. साहेबांच्या मागच्या कॅलेंडरकडं बघत म्हणाले, "कुनाला न्हाई. माझं मीच."

मी तोंड उघडायला पाहिजे होतं. तीन शब्द होते. "मी विचारलं होतं" असं आप्पांनी सांगितलं नाही, तर "त्यांनी विचारलं होतं" असं मी सांगायचं. त्या केबिनमधे तेव्हा तीन माणसं होती आणि त्यातल्या दोघांना खरं माहीत होतं. मी फॉर्मवरच्या रेघा बघत बसले.

साहेब म्हणाले, "लिहा मॅडम."

मी लिहिलं. का ठेवलं? पॅकिंग कर्मचाऱ्यानं वैयक्तिक श्रद्धेपोटी, कुणाच्याही परवानगीशिवाय. मूळ कारण: कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा. जबाबदार व्यक्ती: परशराम, पॅकिंग. इंग्रजीत लिहिलं, सुबक अक्षरात. दोन भोकांच्या पत्राला ताठ मानेनं नाही म्हणणारी मी, हा कागद पाच मिनिटांत करून मोकळी झाले. कंपनीला वाचवायचा खोटा कागद मी नाकारला. स्वतःला वाचवायचा केला.

आप्पांना पॅकिंगमधून काढून वाळूच्या खात्यात टाकलं. साचे फोडल्यावर पडलेली जळकी वाळू चाळायचं काम. पंचवीस वर्षं मेणकट कागदाच्या घड्या घालणारा माणूस तोंडाला फडकं बांधून वाळू चाळत होता, आणि मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्या शेडच्या मागून लांबचा रस्ता धरून कॅन्टीनला जात होते. तीन महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला नाही, कारण तो निवृत्त झालेल्यांचा करतात.

आणि ऑर्डर? गेली. आयर्लंडच्या कारखान्यानं फाटकाच्या आतलाच कुणी पुरवठादार शोधला. त्यांना दोनदा जकात भरायची नव्हती, फूल असो वा नसो. मी लिहिलेलं नाव कुणी वाचलं तरी का, याची मला आजही शंका आहे. एका माणसाची अब्रू आम्ही ईमेलला जोडून पाठवली आणि तिकडून उत्तर आलं, "मिळालं, आभार."

अलीकडं वाचलं, की आता इंग्लंडशी आपला स्वतंत्र करार झालाय, जकात उतरणार. कारखान्यातल्या नव्या पोरींनी ग्रुपवर टाळ्या वाजवणारी चित्रं टाकली. मीही बघितली. मला करारांचा तिटकारा नाही, दरवाजे उघडत असतील तर चांगलंच आहे. पण दरवाजा उघडताना आणि लावताना कुणाची बोटं सापडतात याची नोंद कुठल्याच करारात नसते. ही नोंद करणारी माणसं आम्हीच होतो, कागदवाली, आणि आम्ही ती चुकीची केली.

गेल्या खंडेनवमीला मी उचगावला गेले. बसनं गेले, फोन न करता, कारण फोन केला असता तर त्यांनी येऊ नका म्हटलं असतं. आप्पा अंगणात विळ्याला धार लावत होते. दाराला झेंडूचं तोरण होतं. त्यांच्या बायकोनं पाणी आणून दिलं आणि ती आत गेली. तिनं बसा म्हटलं नाही, मी बसले.

मी सगळं बोलले. केबिनमधलं, फॉर्ममधलं, एकेक शब्द इंग्रजीत काय होता आणि मराठीत त्याचा अर्थ काय, तो सांगितला. ते धार लावत राहिले. मला वाटत होतं ते म्हणतील, जाऊ द्या म्याडम, झालं गेलं. आपल्याला वाटतं ना, साध्या माणसानं आपल्याला माफ करावं, ती त्याची जबाबदारीच आहे म्हणून.

ते म्हणाले, "राग न्हाई म्हनलो तर खोटं हुईल. निस्काळजी म्हनून लिवलासा मला. पंचवीस वर्सांत एक नग गंजला न्हाई माझ्या पेटीत."

मी म्हटलं, "माहीत आहे."

"म्हाईत हुतं म्हनून तर. ज्याला म्हाईत न्हाई त्यानं लिवलं असतं तर मी बी हसलो असतो." विळा त्यांनी बाजूला ठेवला. "मी तुमचं नाव घेतलो न्हाई. तुम्ही माझं लिवलासा."

मग मी सांगितलं, की मला पुढच्या वर्षीच्या दिवाळी अंकात लिहायला सांगितलंय, आणि मी हे लिहिणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

"गावात यतोय काय त्यो अंक?"

"येतो. वाचनालयात येतो."

"मग लिवा. मला भोळा म्हातारा करून लिवू नका. मी इचारलो हुतो. दोनदा इचारलो हुतो. तेवढं लिवा."

निघताना त्यांनी तोरणातलं फूल वगैरे काही दिलं नाही. बसस्टॉपपर्यंत सोडायलाही आले नाहीत, आणि ते बरोबरच केलं त्यांनी.

तो फॉर्म कारखान्याच्या फायलीत आहे. तो आता मला बदलता येणार नाही, मी तिथं नोकरीला नाही. म्हणून इथं भरते आहे.

पेटीत फूल का होतं? परशराम आप्पांनी ठेवलं म्हणून. त्यांनी का ठेवलं? कागद करणारीनं परवानगी दिली म्हणून. त्यांनी विचारलं होतं का? हो, दोनदा. तिनं मान वर केली होती का? नाही. मग दुसऱ्याचं नाव का लिहिलं गेलं? ती घाबरली म्हणून.

जबाबदार व्यक्तीच्या रकान्यात माझं नाव आहे, ह्या लेखावर छापलंय ते. उचगावच्या वाचनालयात हा अंक कुणी मोठ्यानं वाचणार असेल, तर एवढा रकाना आप्पांच्या घराच्या दिशेला तोंड करून वाचा.